स्वभाव, दृष्टिकोन आणि चारित्र्य : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात पालकसभांमध्ये, ज्येष्ठ नागरिक संघांच्या बैठकांत आणि स्पर्धा परीक्षांच्या मुलांशी बोलताना तेच तेच प्रश्न वेगवेगळ्या तोंडून येतात. समुपदेशनाच्या कामात त्यांना जी उत्तरं देते, ती इथे एकत्र केली आहेत. विचारणाऱ्यांची ओळख पटेल असे तपशील काढून टाकले आहेत.

स्वभाव, दृष्टिकोन, चारित्र्य हे सगळं एकच ना?

नाही, आणि ही गल्लत घराघरात महागात पडते. माणूस किती पटकन चिडतो, अनोळखी लोकांत किती बुजतो, एका जागी किती वेळ बसू शकतो, रडू आलं की किती वेळाने सावरतो, हा झाला स्वभाव. त्यात चांगलं-वाईट काही नाही. घडलेल्या गोष्टीचा आपण जो अर्थ लावतो, तो दृष्टिकोन. आणि एवढं सगळं झाल्यावर आपण जे वागतो, पुन्हा पुन्हा वागतो, गैरसोय होत असतानाही वागतो, ते चारित्र्य.

सोसायटीच्या वार्षिक सभेत पार्किंगचा विषय निघाला की कोण भडकणार, हे सगळ्यांना आधीच माहीत असतं. तो त्या गृहस्थांचा स्वभाव. ‘कमिटी मला मुद्दाम डावलते’ असं त्यांना वाटतं, हा दृष्टिकोन. आणि मागच्या महिन्यात आपणच दुसऱ्याच्या जागेत गाडी लावली होती, हे ते सभेत कबूल करतात की नाही, इथे चारित्र्य दिसतं. भडकून का होईना पण कबूल करणारे मी पाहिले आहेत, आणि अतिशय गोड बोलून शेवटपर्यंत कबूल न करणारेही. म्हणून शांत माणूस तो चांगला आणि तापट माणूस तो वाईट, असं मी कधी धरून चालत नाही.

स्वभाव जन्मतःच ठरलेला असतो का?

पुष्कळसा. दोन बाळंतपणं झालेल्या आईला हे सांगावं लागत नाही. अलेक्झांडर थॉमस आणि स्टेला चेस या मानसोपचारतज्ज्ञ दांपत्याने १९५६ मध्ये न्यूयॉर्कमधल्या मुलांचा जन्मापासूनचा अभ्यास सुरू केला आणि तो अनेक वर्षं चालवला. त्यांना सुमारे ४० टक्के मुलं सहज रुळणारी, १० टक्के सांभाळायला अवघड आणि १५ टक्के हळूहळू मोकळी होणारी आढळली. उरलेली कोणत्याच कप्प्यात नीट बसली नाहीत. ही उरलेली मंडळी मला फार महत्त्वाची वाटतात, कारण आपल्याकडे प्रत्येक मुलावर काहीतरी शिक्का मारायची घाई असते.

हार्वर्ड विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ जेरोम केगन यांनी चार महिन्यांच्या बाळांपुढे नवी खेळणी, नवे आवाज आणि वास आणले. साधारण पाचातलं एक बाळ हातपाय झाडून रडू लागलं. अशी बाळं पुढे भिडस्त होण्याचं प्रमाण जास्त होतं, पण सगळी तशी झाली नाहीत.

जुळ्यांच्या अभ्यासांतून दिसतं, की माणसामाणसांच्या स्वभावात जो फरक असतो, त्यातला अंदाजे ४० ते ५० टक्के आनुवंशिकतेशी जोडता येतो. हा आकडा समूहाबद्दलचा आहे. ‘तुझा अर्धा राग बाबांकडून आला’ असा हिशेब त्यातून निघत नाही.

मुलगी साडेचार वर्षांची आहे. वाढदिवसाला गेलो की कोपऱ्यात उभी राहते. शाळेतल्या बाई म्हणतात, तिला जरा बोलतं करा. काय करू?

आधी ती कोपऱ्यात काय करते, ते बघा. मी बालवाडीत बसून अशा मुलांकडे पाहते. एक मुलगी वॉटरबॅगचा पट्टा दोन्ही हातांनी धरून दाराशी उभी होती. तिचे डोळे सतत फिरत होते. ठोकळे कोणाकडे आहेत, कोण हिसकावतं, कोण देतं, सगळं ती पाहत होती. मधल्या सुट्टीच्या जरा आधी ती हलली आणि थेट त्या एकाच मुलाशेजारी जाऊन बसली, जो हिसकावत नव्हता. तिने काहीही न बोलता त्याला एक लाल ठोकळा दिला. ही मुलगी घाबरट आहे, असं मी म्हणणार नाही. तिची पारख चालली होती.

आपण काय करतो? ‘काकूंना नमस्कार कर, ती कविता म्हणून दाखव, आता का गप्प?’ आणि तिच्या देखत काकूंना सांगतो, ‘फार लाजाळू आहे हो.’ मूल हे ऐकतं आणि स्वतःबद्दलचं मत त्यातूनच बनवतं. स्वभावातून दृष्टिकोन तयार होतो, तो बऱ्याचदा मोठ्यांच्या अशा एका वाक्याने.

उलट टोकही तितकंच वाईट. तिला त्रास होतो म्हणून कुठे न्यायचंच नाही, तिच्या वतीने सगळं आपणच बोलायचं. ज्या घरांत प्रेमाने पण ठामपणे थोडं थोडं पुढे ढकललं जातं, तिथली बुजरी मुलं पुढे अधिक मोकळी होतात, असं केगन यांच्यासोबत काम करणाऱ्यांना दिसलं. म्हणून समारंभाला जरा लवकर जा, गर्दी जमायच्या आत तिला खोली पाहून होऊ दे. एक ओळखीचं मूल तिच्याजवळ असू दे. नमस्कार केला नाही तर तिथे विषय वाढवू नका. पण दुकानात गेल्यावर वाण्याला पैसे तिच्याच हातून द्या. थॉमस आणि चेस यांचा सगळ्यात मोलाचा मुद्दा हाच होता, की मुलाचा स्वभाव आणि भोवतालच्यांच्या अपेक्षा यांचा मेळ बसला की मूल बहरतं.

आणि भिडस्त माणसाच्या हातून काही मोठं होत नाही, अशी धास्ती असेल, तर कर्वेनगरला हे नाव ज्यांच्यामुळे मिळालं त्या धोंडो केशव कर्व्यांकडे पाहा. आपण अत्यंत लाजाळू होतो, हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवलं आहे. मुलगा असताना परीक्षेसाठी कोकणातल्या मुरुडहून साताऱ्यापर्यंत चालत गेले आणि तिथे वय कमी दिसतं म्हणून बसू दिलं नाही. पुढे १८९३ मध्ये त्यांनी विधवेशी पुनर्विवाह केला, तेव्हा गावाने बहिष्कार घातला. १८९६ मध्ये विधवांसाठी आश्रम काढला, १९१६ मध्ये महिला विद्यापीठ. त्यासाठी या संकोची प्राध्यापकाने दारोदार वर्गणी मागितली. सत्तरी ओलांडल्यावर त्याच कामासाठी परदेश दौरा केला. ते वक्तृत्वाने लोकांना भारून टाकणारे नव्हते. त्यांनी आपल्या स्वभावाला झेपेल अशी कामाची पद्धत शोधली : एका वेळी एक माणूस, एक घर, एक रुपया.

‘स्वभावाला औषध नाही’ हे खरं आहे का?

अर्धं. बुजरा माणूस पन्नाशीत अचानक सभा गाजवायला लागत नाही, हे मान्य. पण वय वाढतं तसा स्वभावही सरकतो. अनेक दीर्घकालीन अभ्यास एकत्र करून मानसशास्त्रज्ञ ब्रेंट रॉबर्ट्स आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये दाखवलं, की सरासरीने माणसं जास्त जबाबदार आणि भावनिकदृष्ट्या जास्त स्थिर होत जातात, आणि यातला सगळ्यात मोठा बदल वीस ते चाळीस या वयात होतो. म्हणजे मुंज-बारसं आटोपून संपणारी ही गोष्ट नाही, नोकरी-संसाराच्या काळातही माणूस घडतच असतो. याच गटाने २०१७ मध्ये मानसोपचारांवरचे २०७ अभ्यास तपासले. काही महिन्यांच्या उपचारांनी स्वभावात, विशेषतः सतत चिंता करण्याच्या वृत्तीत, मोजता येईल असा फरक पडलेला दिसला. औषध आहे. पण ते दुसऱ्याला बळजबरीने पाजता येत नाही.

आमचे हे तापट आहेत, पण मनात काही नसतं. दहा मिनिटांनी सगळं विसरतात. चालवून घ्यावं का?

हा प्रश्न बहुतेक वेळा बायका विचारतात, आवाज खाली करून, आणि नवऱ्याची बाजू घेत घेत. मी त्यांना एकच उलट प्रश्न विचारते : ते साहेबांवर असे ओरडतात का? सिग्नलला हवालदाराने अडवलं तर? उत्तर जवळजवळ नेहमी ‘नाही’ असतं. याचा अर्थ लगाम आहे, तो कुठे खेचायचा हेही त्यांना माहीत आहे. राग येणं स्वभावात असेल, पण तो कोणावर काढायचा ही निवड आहे. आणि ते दहा मिनिटांत विसरतात, म्हणून घरचेही विसरतात असं नाही. मुलं किल्लीचा आवाज आला की टीव्ही बंद करून खोलीत पळत असतील, तर त्यांनी काहीही विसरलेलं नाही.

‘एकदा बाहेर पडू दे, मोकळं होऊ दे’ हाही गैरसमज आहे. मानसशास्त्रज्ञ ब्रॅड बुशमन यांच्या २००२ च्या प्रयोगात, चिडवणाऱ्याचा विचार करत पंचिंग बॅगवर ठोसे मारणाऱ्यांचा राग कमी न होता वाढला. राग उतरतो तो शरीर शांत झाल्यावर. तिथून उठावं, जिना उतरून खाली एक चक्कर मारावी, पाणी प्यावं, आणि विषय रात्रीच्या जेवणानंतर काढू असं सांगून खरंच काढावा. शेवटचं राहून गेलं तर बाकी सगळं निव्वळ पळवाट होते.

हात उगारला जात असेल किंवा धमकी असेल, तर ही स्वभावाची चर्चा इथेच थांबते. २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा कायदा त्यासाठीच आहे. महिलांसाठी १८१ आणि तातडीच्या मदतीसाठी ११२ हे क्रमांक जवळ ठेवा.

पुणेकर मुळातच तिरसट असतात का?

शहराला स्वभाव नसतो. २००५ मध्ये ४९ संस्कृतींमधल्या लोकांना ‘तुमच्याकडची माणसं कशी’ असं विचारून ती उत्तरं प्रत्यक्ष मोजलेल्या स्वभावांशी ताडून पाहिली गेली. दोन्ही जुळली नाहीत. पुण्यात स्पष्ट, कमी शब्दांत, कधी टोचेल असं बोलण्याची रीत आहे, आणि दारावरची पाटी वाचून बाहेरचा माणूस आतल्या माणसाबद्दल अंदाज बांधतो. त्याच पाटीमागचे काका रात्री दोन वाजता शेजाऱ्याला दवाखान्यात घेऊन जातात. बोलण्याची रीत ती बोलण्याची रीत. मात्र ‘आम्ही पुणेकर असेच’ म्हणत कोणी उद्धटपणाचं समर्थन करत असेल, तर ते मला पटत नाही.

तिसऱ्या अटेम्प्टलाही स्पर्धा परीक्षेची प्रिलिम (पूर्वपरीक्षा) गेली. घरचे म्हणतात सकारात्मक राहा. नुसतं सकारात्मक राहून काय होणार?

नुसतं राहून काही होत नाही, हे तुमचं बरोबर आहे.

सदाशिव पेठेत, नव्या पेठेत कॉट बेसिसवर, म्हणजे खोलीतली एक खाट भाड्याने घेऊन, राहणारी मुलं मी जवळून पाहते. निकालाच्या संध्याकाळी खोलीत काय होतं, ते ओळखीचं आहे. कट-ऑफची पीडीएफ मोबाइलवर उघडलेली, डबा तसाच बंद, आणि घरून येणारा फोन वाजू दिलेला. त्याच खोलीत दोघंजण जवळजवळ सारख्याच गुणांनी हुकलेले असतात. एक म्हणतो, ‘माझ्यात तेवढी कुवतच नाही.’ दुसरा म्हणतो, ‘सीसॅटच्या (कल चाचणीच्या पेपरातल्या) उताऱ्यांत वेळ गेला, शेवटचे प्रश्न ठोकताळ्याने केले.’ मानसशास्त्रज्ञ मार्टिन सेलिग्मन यांनी या फरकाचा अभ्यास केला आहे. अपयशाचं कारण मीच, ते कायमचंच आणि आयुष्याच्या सगळ्या भागांना लागू, असा तिहेरी अर्थ लावणारी माणसं लवकर खचतात. दुसऱ्या मुलाने स्वतःला फसवलेलं नाही. त्याने दुरुस्त करता येईल असं कारण शोधलं, आणि उद्या सकाळी अभ्यासिकेत गेल्यावर कशाला हात घालायचा, हे त्याच्याकडे आहे.

पण दृष्टिकोनाच्या ताकदीबद्दल भाषणांमध्ये जे सांगितलं जातं, ते फुगवून सांगितलं जातं. ‘बुद्धी मेहनतीने वाढते’ हा विचार रुजवण्याचा मोठा प्रयोग अमेरिकेतल्या नववीच्या मुलांवर झाला आणि २०१९ मध्ये त्याचे निष्कर्ष आले. मागे पडलेल्या मुलांचे गुण वाढले, पण अगदी थोडे, आणि तेही शाळेतलं वातावरण पोषक असेल तिथे जास्त. जागा शेकड्यांत आणि अर्ज लाखांत असतील, तर उत्तम दृष्टिकोन असलेली हजारो मुलं बाहेर राहणारच. तो त्यांच्या चारित्र्यावरचा ठपका नाही. आणखी किती अटेम्प्ट, खर्च कोण उचलणार, दरम्यान हातात दुसरं काय, हे आज कागदावर लिहून ठेवायला सांगणारा माणूस तुमची उमेद मोडत नसतो.

सकारात्मक असणं म्हणजे काय, याचं मला पटणारं उदाहरण याच शहरातलं आहे. १८४८ मध्ये भिडेवाड्यात मुलींची शाळा सुरू झाली, तेव्हा शिकवायला जाणाऱ्या सावित्रीबाई फुल्यांच्या अंगावर लोक शेण आणि चिखल फेकत. लोक सुधारतील, आज कोणी फेकणार नाही, अशी आशा धरून त्या निघत नव्हत्या. त्या सोबत दुसरी साडी घेऊन निघत. शाळेत पोचल्यावर ती नेसायची आणि वर्ग सुरू करायचा.

आमचं दोघांचं कशातच जमत नाही. स्वभाव जुळत नाहीत, असंच ना?

कदाचित. पण प्रत्येक भांडण स्वभावाच्या खात्यावर टाकू नका. आगरकर आणि टिळक डेक्कन कॉलेजातले मित्र. १८८० च्या न्यू इंग्लिश स्कूलच्या कामात दोघं, केसरीत दोघं, १८८२ मध्ये डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस दोघं. पुढे आगरकरांनी १८८८ मध्ये सुधारक काढला आणि १८९० मध्ये टिळक डेक्कन एज्युकेशन सोसायटीतून बाहेर पडले. ‘दोघेही हट्टी’ म्हणून हा विषय उडवून लावता येतो, पण मग भांडण कशावरून होतं तेच हरवतं. आधी सामाजिक सुधारणा की आधी राजकीय स्वातंत्र्य, संस्थेतल्या लोकांनी बाहेर कमाई करावी की नाही, हे खरे प्रश्न होते.

घरातही तसंच असतं. ‘तिचा स्वभावच संशयी’ असं म्हटलं, की कर्ज न सांगता काढलं होतं, हा मुद्दा बाजूला पडतो. आधी मुद्दा सोडवा. उरेल तेवढाच स्वभाव. तो मग सांभाळून घेता येतो : एकाला लगेच बोलायचं असतं, दुसऱ्याला विचार करायला वेळ लागतो, तर वेळ ठरवून घ्यायची.

लग्न ठरवताना समोरच्याचा स्वभाव कसा ओळखावा?

‘मनमिळाऊ, शांत, कुटुंबवत्सल’ हे सगळ्याच बायोडेटांत असतं, त्यावर जाऊ नका. कांदेपोह्यांच्या तासाभरात प्रत्येकजण सावरून बसलेला असतो. ठरलेला बेत मोडल्यावर माणूस कसा वागतो, ते पाहा. हॉटेलात ऑर्डर चुकली, पावसात गाडी बंद पडली, तुम्ही उशिरा पोचलात. आणि भावंडांशी बोला. आईवडील कौतुक करतात, भावंडं खरं सांगतात.

कंपनीत व्यक्तिमत्त्व चाचणी घेऊन मला चार अक्षरांचा ‘टाइप’ दिला. त्यावर विश्वास ठेवू का?

गप्पांना विषय म्हणून ठीक आहे, पदोन्नती किंवा जोडीदार ठरवायला नको. अशा चाचण्या माणसांना ‘हा’ किंवा ‘तो’ अशा दोन गटांत टाकतात, पण बहुतेक माणसं मधेच कुठेतरी असतात, त्यामुळे काही आठवड्यांनी तीच चाचणी दिली तर बऱ्याच जणांचा टाइप बदलतो. संशोधनात जास्त वापरलं जाणारं मोजमाप पाच अंगांचं आहे : नव्याची ओढ, जबाबदारीची जाणीव, बहिर्मुखता, इतरांशी जुळवून घेणं आणि भावनिक अस्थिरता. त्यात शिक्का नसतो, प्रत्येक अंगावर कमी-जास्त असं माप असतं. वात-पित्त-कफ प्रकृतीचं म्हणाल, तर तो आयुर्वेदातला शरीरासकटचा विचार आहे. मोबाइलवरच्या दहा प्रश्नांतून वैद्यालाही तो करता येणार नाही.

मला बदलायचं आहे. सुरुवात कुठून करू?

‘मी उद्यापासून शांत राहीन’ इथून नको, कारण त्यात करायचं काय हेच नाही. मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर यांनी दाखवलेली ‘असं झालं, तर मी हे करीन’ ही पद्धत साधी आहे आणि तिला भरपूर अभ्यासांचा आधार आहे. ‘सासूबाई भाजीला नाव ठेवतील, तेव्हा मी आधी पाण्याचा घोट घेईन.’ ‘मीटिंगमध्ये पहिल्या दहा मिनिटांत मी एक प्रश्न विचारीनच.’ प्रसंग ठरलेला, कृती छोटी. एकच निवडा. महिन्याने घरातल्या एका माणसाला विचारा, फरक दिसतो का. ज्याला तुमचा त्रास होतो, त्यालाच विचारा.

वडील सत्तर वर्षांचे. आयुष्यभर शांत होते, गेल्या वर्षभरात फार चिडचिडे झाले आहेत. वय झालं म्हणून सोडून द्यावं का?

सोडून देऊ नका. आयुष्यभराचा स्वभाव थोड्या काळात पालटला, तर आधी डॉक्टरांकडे जा. ऐकू कमी येऊ लागलं की माणूस तुटक होतो, सगळे आपल्याबद्दलच कुजबुजतात असं त्याला वाटतं. थायरॉइड, झोप न लागणं, सततचं दुखणं, एखाद्या नव्या गोळीचा परिणाम, नैराश्य, स्मृतिभ्रंशाची सुरुवात, यांतलं काहीही असू शकतं. म्हातारपणीचं नैराश्य रडण्यातून दिसण्याऐवजी पुष्कळदा चिडचिडीतून दिसतं, आणि घरचे त्याला ‘हेकटपणा’ म्हणून मोकळे होतात. त्यांना समजावण्यात, भांडण्यात आणि अबोला धरण्यात महिने जातात. कानांची तपासणी आणि रक्ताच्या साध्या चाचण्या यांनी सुरुवात होते. कधीपासून, दिवसाच्या कोणत्या वेळी, कशावरून, हे वहीत टिपून न्या, डॉक्टरांना त्याचा फार उपयोग होतो.

ससूनमध्ये मानसोपचाराचा बाह्यरुग्ण विभाग आहे. १४४१६ हा केंद्र सरकारचा टेलि-मानस क्रमांक २०२२ पासून सुरू आहे, चोवीस तास आणि विनामूल्य. तिथे मराठीतून बोलता येतं. वडील स्वतः बोलायला तयार नसले, तरी तुम्ही फोन करू शकता.